हृदयाच्या अनियमित ठोक्यांची वारंवारता कालपरत्वे का बदलते?

प्रस्तावना

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार असलेल्या व्यक्तींचा एक अनुभव सर्वत्र सारखाच आढळतो. काही आठवडे एकही ठोका वावगा पडत नाही. नंतर कोणतेही दृश्य कारण नसताना दिवसातून शेकडो वेळा छातीत धक्के जाणवू लागतात आणि एके दिवशी सारे पुन्हा शांत होते. डॉक्टरांकडे जावे, तर नेमका त्याच वेळी ई.सी.जी. निर्दोष येतो. अशा वेळी रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. ठोके थांबले की विकार बरा झाला, आणि ते वाढले की विकार बळावला. हे दोन्ही निष्कर्ष पुष्कळदा चुकीचे असतात आणि त्यांतून होणारे नुकसान केवळ मानसिक स्वरूपाचे नसते. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात याच गैरसमजाच्या आधारे दिलेल्या औषधांनी रुग्णांचे प्राण घेतल्याचा पुरावा उपलब्ध आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू उपचार सुचविण्याचा नसून, एकाच व्यक्तीच्या हृदयातील अनियमित ठोक्यांची संख्या दिवसागणिक, ऋतुमानाने व वर्षानुवर्षे का बदलते, याची मीमांसा करणे हा आहे. हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्राइतकाच संख्याशास्त्राचाही आहे. म्हणूनच विविध विद्याशाखांच्या प्राध्यापकांसमोर तो मांडणे उचित वाटते.

ठोका ‘चुकतो’ म्हणजे काय?

मराठीत ‘काळजाचा ठोका चुकणे’ असा वाक्प्रचार आहे. शरीरक्रियेच्या दृष्टीने पाहता बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, तो लवकर पडलेला असतो. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातील सायनस गाठीतून निघणारा विद्युत्संदेश प्रथम कर्णिकांत व नंतर जवनिकांत पोहोचतो आणि हृदय आकुंचन पावते. मिनिटाला ७० या गतीने चोवीस तासांत सुमारे एक लाख ठोके होतात. अधूनमधून कर्णिकेतील किंवा जवनिकेतील एखादा पेशीसमूह आपली पाळी येण्यापूर्वीच संदेश सोडतो. हृदयात रक्त पुरेसे भरलेले नसल्यामुळे हा अकाली ठोका दुबळा असतो, कित्येकदा नाडीपर्यंत पोहोचतही नाही. त्यानंतर थोडा विराम पडतो व पुढचा ठोका अधिक जोराने बसतो. व्यक्तीला जाणवतो तो हा विराम आणि हा जोरदार ठोका. अकाली ठोके निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. त्यांच्याहून गंभीर असे अनियमिततेचे प्रकारही आहेत. कर्णिकांचे विस्कळीत कंपन, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा होय. जवनिकांतून उद्भवणारी अतिजलद लय ही तर प्राणघातक ठरू शकते.

या साऱ्यांच्या मुळाशी तीन यंत्रणा मानल्या जातात. पहिली, पेशींनी स्वतःहून संदेश निर्माण करण्याची वाढलेली प्रवृत्ती. दुसरी, एका ठोक्याच्या पाठोपाठ पेशीत उमटणारे अतिरिक्त विद्युत्-आंदोलन, ज्यात पेशीतील कॅल्शियमची गळती महत्त्वाची असते. तिसरी, संदेशाचे वर्तुळाकार भ्रमण. जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये हे भ्रमण प्रयोगाने दाखवून दिले. १९१४ मध्येच कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

वर्तुळाकार भ्रमणाचे वैशिष्ट्य असे, की ते एक तर चालते किंवा चालत नाही. संदेश फिरून मूळ जागी येईपर्यंत तेथील पेशी पुन्हा उत्तेजित होण्यास सज्ज झाल्या असतील तरच चक्र सुरू राहते. संदेशाची गती किंचित मंदावली अथवा पेशींचा विश्रामकाळ काही मिलिसेकंदांनी घटला, तर जे चक्र काल अशक्य होते ते आज शक्य होते. कारणातील बदल अल्प, परिणामातील बदल प्रचंड, असे येथे घडते. रुग्ण जेव्हा ‘मी तर काहीच वेगळे केले नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे खरे असू शकते.

कुमेल यांचा त्रिकोण

फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी अनियमित लयीच्या उत्पत्तीसाठी तीन घटकांचा एक त्रिकोण मांडला. लय बिघडण्यास अनुकूल अशी हृदयातील जमीन, ठिणगी पाडणारा अकाली ठोका आणि या दोहोंना कमीअधिक करणारा नियामक, म्हणजे मुख्यत्वे स्वायत्त चेतासंस्था. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या मांडणीचे महत्त्व असे, की तिन्ही घटकांच्या बदलाचा वेग निराळा आहे. जमीन वर्षांच्या हिशेबाने बदलते, नियामक तासातासाला बदलतो आणि ठिणगी क्षणाची असते. रुग्णाला जी संख्या दिसते ती या तीन निरनिराळ्या कालमापांच्या मिश्रणातून निघालेली असते.

नियामकापासून सुरुवात करू. स्वायत्त चेतासंस्थेची अनुकंपी शाखा हृदयाची गती वाढविते, तर परानुकंपी शाखा, म्हणजे व्हेगस चेता, ती मंदावते. यांपैकी एक हितकर व दुसरी अहितकर अशी विभागणी मात्र करता येत नाही. काही व्यक्तींत अकाली ठोके हृदयगतीबरोबर वाढतात, काहींत हृदयगती मंदावली की ते डोके वर काढतात, आणि काहींत गतीशी त्यांचा संबंधच दिसत नाही. पहिल्या गटातील व्यक्तीला जिना चढताना त्रास होतो; दुसऱ्या गटातील व्यक्तीला रात्री अंथरुणावर पडल्यावर. एट्रियल फिब्रिलेशनमध्येही हाच भेद दिसतो. कुमेल यांनी वर्णन केलेल्या व्हेगसप्रधान प्रकारात झटके रात्री, विश्रांतीच्या वेळी वा भरपेट जेवणानंतर येतात. त्यामुळे एका रुग्णाचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. शेजाऱ्याला प्राणायामाने बरे वाटले म्हणून आपल्यालाही वाटेल, ही अपेक्षा या जागी अडखळते.

दिवस-रात्रीचे चक्र हे नियामकाच्या बदलाचे सर्वांत स्पष्ट रूप होय. १९८० च्या दशकात जेम्स म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे झटके आणि आकस्मिक हृदयमृत्यू यांचे प्रमाण सकाळच्या प्रहरांत अधिक असल्याचे दाखविले. त्याचे स्पष्टीकरण प्रथम जागे होताना वाढणाऱ्या ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांवर सोपविले गेले. पुढे २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डार्विन जेयराज, मुकेश जैन व सहकारी यांनी उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमच्या एका प्रवाहाचे नियंत्रण करणारे प्रथिन जैविक घड्याळाच्या तालावर कमीजास्त होते आणि हा ताल बिघडला की जवनिकांतील अनियमितता वाढते, असे त्यांत आढळले. याचा अर्थ असा, की सकाळचे व संध्याकाळचे हृदय विद्युत्दृष्ट्या अगदी एकच नसते.

याखेरीज रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियमचे प्रमाण, ताप, थायरॉइडचे आधिक्य, अपुरी झोप, झोपेत श्वास अडणे आणि काही औषधे हे घटक अनियमिततेवर परिणाम करतात. जुलाब झाल्यावर अथवा लघवी वाढविणारी औषधे सुरू असताना पोटॅशियम घटते व अकाली ठोके वाढतात. क्षार भरून निघाले की ते पुन्हा कमी होतात. काही स्त्रियांमध्ये हृदयगती एकाएकी वाढण्याचे झटके मासिक चक्राच्या उत्तरार्धात अधिक येतात, असेही निरीक्षण नोंदले गेले आहे.

चहा, कॉफी आणि मद्य

अशा रुग्णाला सर्वप्रथम मिळणारा सल्ला चहा-कॉफी सोडण्याचा असतो. त्याविषयीचा पुरावा मात्र गुंतागुंतीचा आहे. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ग्रेगरी मार्कस व सहकाऱ्यांनी १०० स्वयंसेवकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काही दिवस कॉफी पिण्यास व काही दिवस टाळण्यास, यादृच्छिक क्रमाने, सांगण्यात आले होते. कर्णिकांतील अकाली ठोक्यांत लक्षणीय फरक पडला नाही (दिवसाला ५८ विरुद्ध ५३). जवनिकांतील अकाली ठोके मात्र कॉफीच्या दिवशी १५४ व इतर दिवशी १०२ होते. उलटपक्षी, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या २०० कॉफीबाज रुग्णांची लय विद्युत्-उपचाराने पूर्ववत करून त्यांचे दोन गट केले गेले. कॉफी सुरू ठेवणाऱ्यांत विकार परतण्याचे प्रमाण ४७ टक्के, तर सोडणाऱ्यांत ६४ टक्के निघाले. एकच पेय, परंतु हृदयाच्या दोन कप्प्यांवर त्याचा परिणाम सारखा नाही.

मद्याच्या बाबतीत चित्र पुष्कळ स्पष्ट आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नियमित मद्यपान करणाऱ्या १४० एट्रियल फिब्रिलेशन रुग्णांपैकी निम्म्यांना मद्य वर्ज्य करण्यास सांगितले. वर्ज्य करणाऱ्या गटात ५३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३ टक्के रुग्णांत विकार परतला.

जमीन बदलते तेव्हा

वर्षांच्या कालमापावर वारंवारता बदलण्याचे मुख्य कारण हृदयाच्या रचनेतील बदल हे होय. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, झडपांचे विकार व हृदयविकाराच्या झटक्यानंतर राहणारा व्रण यांमुळे स्नायूंत तंतुमय ऊतक वाढते आणि विद्युत्संदेशाची वाट वाकडीतिकडी होते. संधिवाताच्या तापामुळे डाव्या झडपेचे तोंड अरुंद झालेल्या रुग्णांत कर्णिका फुगते व एट्रियल फिब्रिलेशन तुलनेने तरुण वयात सुरू होते. आपल्या देशात हे कारण अद्याप संपलेले नाही.

अनियमित लय स्वतःच जमीन बदलते, ही यातील विशेष बाब. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स वाइफल्स, मॉरिट्स अलेसी व सहकाऱ्यांनी बकऱ्यांच्या कर्णिकांत कृत्रिमरीत्या वारंवार फिब्रिलेशन निर्माण केले. आरंभी ते काही सेकंदांत थांबत असे. जसजसे दिवस गेले तसतसा त्याचा कालावधी वाढत गेला व अखेरीस ते बहुतेक बकऱ्यांत आपोआप थांबेनासे झाले. फिब्रिलेशनच फिब्रिलेशनला जन्म देते, या त्यांच्या निष्कर्षाने अधूनमधून येणारा विकार कालांतराने कायमचा का होतो, याचे एक कारण पुढे आले. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत ठिणगीचे उगमस्थान शोधले असता ९४ टक्के ठिणग्या फुप्फुसांतून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आत सापडल्या. आजच्या कॅथेटर-उपचाराचा पाया या निरीक्षणात आहे.

यदृच्छा आणि घोळके

आता एका अशा कारणाकडे वळू, ज्याचा वैद्यकीय चर्चेत पुरेसा उल्लेख होत नाही. समजा, एखाद्या रुग्णाला आठवड्याला सरासरी दोन झटके येतात आणि त्याच्या प्रकृतीत, आहारात वा औषधात वर्षभर काहीही बदल होत नाही. झटके परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर प्वासाँ वितरणानुसार एकही झटका न येणाऱ्या आठवड्याची संभाव्यता सुमारे १३.५ टक्के, आणि पाच वा अधिक झटके येणाऱ्या आठवड्याची सुमारे ५ टक्के येते. म्हणजे वर्षातील ५२ आठवड्यांपैकी सात आठवडे पूर्ण शांततेचे व दोन-तीन आठवडे कमालीच्या त्रासाचे जाणारच. त्यांना वेगळे कारण नाही. परंतु मनुष्यस्वभाव असा, की त्या दोन-तीन आठवड्यांसाठी कोणीतरी दोषी सापडतो आणि त्या सात आठवड्यांचे श्रेय कोणाला तरी मिळते.

प्रत्यक्षात झटके परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्रही नसतात, ते घोळक्याने येतात. एक झटका येऊन गेल्यावर पुढील झटक्याची शक्यता काही काळ वाढलेली असते. अकाली ठोक्यांच्या पातळीवर याचे सुंदर उदाहरण रिचर्ड लँगेनडॉर्फ व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये नोंदविले. अकाली ठोक्यानंतर पडणारा लांब विराम हाच पुढील अकाली ठोक्यास पोषक ठरतो. त्यामुळे एक आड एक असे अकाली ठोके एकदा सुरू झाले की बराच वेळ चालतात आणि थांबले की एकदम थांबतात. मॅकगिल विद्यापीठातच मायकेल गेव्हारा, लिऑन ग्लास व अल्व्हिन श्रायर यांनी १९८१ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयपेशींना नियमित विद्युत्-धक्के दिले. धक्क्यांची गती व वेळ बदलताच पेशींचा ताल एका आकृतिबंधातून दुसऱ्यात आणि कधी अनियमिततेत उडी घेतो, असे त्यांना आढळले. गणित व भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना अरेषीय गतिकीचे याहून निकटचे उदाहरण क्वचितच मिळेल, कारण ते प्रत्येकाच्या छातीत आहे.

मोजमापाचा प्रश्न

नेहमीच्या ई.सी.जी.त हृदयाची सुमारे दहा सेकंदांची, म्हणजे बाराएक ठोक्यांची नोंद होते. लाखातील बारा ठोक्यांवरून दिवसाचा अंदाज बांधणे धाडसाचेच. अमेरिकेतील माँटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाठीवर वाहून नेण्याचे नोंदणीयंत्र तयार केले तेव्हा त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. पुढे ते खिशात मावू लागले आणि चोवीस तासांची नोंद सुलभ झाली. मात्र चोवीस तासही अपुरे आहेत, हे १९७८ मध्ये जोएल मॉर्गनरॉथ व सहकाऱ्यांनी दाखविले. दोन वेळच्या चोवीस तासांच्या नोंदींची तुलना करून औषधाचा गुण आला असे म्हणावयाचे असेल, तर जवनिकांतील अकाली ठोक्यांत ८३ टक्क्यांहून अधिक घट दिसली पाहिजे. त्याहून कमी घट नैसर्गिक चढउतारानेही होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अकाली ठोके निम्म्यावर आल्याचा अहवाल पाहून समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यात संख्याशास्त्रातील आणखी एक तत्त्व गुंतलेले आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये मांडलेली, टोकाच्या मापनानंतरचे मापन सरासरीकडे परत येण्याची प्रवृत्ती. रुग्ण त्रास कमाल असताना डॉक्टरांकडे जातो. त्यानंतर काहीही केले वा केले नाही, तरी त्रास कमी होण्याचीच शक्यता अधिक असते. औषध, काढा, उपास, अंगारा, यांपैकी त्या वेळी जे हाताशी असेल त्याला यश लाभते.

तरीही प्रत्येक योगायोग फसवाच असतो असे नाही. १९१२ मध्ये कारेल वेंकेबाख या डच हृदयरोगतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. अनियमित नाडीचा झटका आपण स्वतः थांबवू शकतो, असा त्याचा दावा होता. वेंकेबाख यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नियमित नाडी घेऊन परतला. रहस्य होते एक ग्रॅम क्विनीन, म्हणजे हिवतापाचे औषध. असे झटके पुष्कळदा आपोआपही थांबतात आणि वेंकेबाख यांना इतर फारच थोड्या रुग्णांत तसाच गुण आढळला. परंतु त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली, इतरांनी तपासली आणि त्यातून १९१८ मध्ये क्विनिडिन हे औषध वापरात आले.

याच्या नेमके उलट घडले ते १९८० च्या दशकात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या जवनिकांत अकाली ठोके अधिक, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, हे ज्ञात होते. म्हणून ठोके कमी केले की मृत्यू कमी होतील, हे गृहीत धरून औषधे दिली जात. अमेरिकेतील ‘कास्ट’ या चाचणीत, एन्केनाइड वा फ्लेकेनाइड या औषधांनी ज्यांचे अकाली ठोके खरोखर कमी झाले, अशाच रुग्णांची निवड करून त्यांतील काहींना औषध व काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. सरासरी दहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ रुग्ण दगावले होते. ठोक्यांची संख्या घटली होती. मृत्यू दुपटीहून अधिक झाले होते. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मध्येच थांबविण्यात आला व १९९१ मध्ये सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला. (रचनात्मक दोष नसलेल्या हृदयाच्या काही विकारांत फ्लेकेनाइड आजही योग्य रीतीने वापरले जाते.)

जाणवणे आणि असणे

आतापर्यंत वारंवारता म्हणजे प्रत्यक्ष घडणारे ठोके असे मानले. रुग्णाची वारंवारता मात्र जाणवलेल्या ठोक्यांची असते. बहुसंख्य अकाली ठोके जाणवतच नाहीत. रात्रीच्या शांततेत, डाव्या कुशीवर झोपल्यावर अथवा काळजीने लक्ष छातीकडे लागलेले असताना तेच ठोके मोठे भासतात. काळजीने अनुकंपी शाखा उद्दीपित होते, त्यामुळे काहींत ठोके खरोखर वाढतात आणि वाढलेल्या ठोक्यांनी काळजी वाढते. उलट, एट्रियल फिब्रिलेशनचे दीर्घ झटकेही कित्येकांना मुळीच जाणवत नाहीत. त्यामुळे त्रास नाही म्हणजे विकार नाही असे समजणे, हे त्रास आहे म्हणजे धोका आहे असे समजण्याइतकेच अयोग्य ठरते. शुद्ध हरपणे, श्रम करताना भोवळ येणे, छातीत दुखणे, धाप लागणे वा कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झालेला असणे, या गोष्टींना ठोक्यांच्या संख्येपेक्षा अधिक वजन आहे.

न जाणवणाऱ्या झटक्यांचे गांभीर्य पक्षाघाताच्या संदर्भात विशेष आहे, कारण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिकेत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या ४४१ रुग्णांपैकी काहींच्या त्वचेखाली सतत नोंद करणारे छोटे यंत्र बसविले गेले, तर उरलेल्यांची नेहमीप्रमाणे अधूनमधून तपासणी झाली. सहा महिन्यांत यंत्र असलेल्या गटात ८.९ टक्के, तर दुसऱ्या गटात १.४ टक्के रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन सापडले. तीन वर्षांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व ३ टक्के झाले. दोन्ही गटांतील हृदये सारखीच होती. फरक होता तो पाहणाऱ्याच्या चिकाटीचा.

मग सर्वांनाच असे यंत्र बसवावे काय? २०२१ मध्ये ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात पक्षाघाताचा धोका असलेल्या ६,००४ ज्येष्ठ नागरिकांपैकी एक चतुर्थांश व्यक्तींना ते बसविण्यात आले. त्यांच्यात ३१.८ टक्के, तर इतरांत १२.२ टक्के व्यक्तींत विकार आढळला. सापडलेल्यांपैकी बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू झाली. तथापि पक्षाघाताच्या प्रमाणातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरली नाही. चार वर्षांतून एकदा काही मिनिटे येणारा झटका आणि आठवड्याला कित्येक तास चालणारा झटका यांना एकाच नावाने संबोधले, तरी त्यांचा धोका एक नसावा, असा अर्थ अनेक अभ्यासक यातून काढतात. किती मिनिटांचा, किती वेळा येणारा झटका उपचारास पात्र समजावा, हा वाद मनगटावरील घड्याळे ई.सी.जी. काढू लागल्यापासून अधिकच तीव्र झाला आहे.